हजार उदाहरणं आणि एक कारण

साठेकाका अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरमधल्या माझ्या टाइल्सच्या दुकानात प्रथम आले ते किचनसाठी ग्रॅनाइट बघायला. मी भाव सांगितला. आपले लोक इथे लगेच घासाघीस सुरू करतात. काकांनी मात्र विचारलं, "हा ग्रॅनाइटच, कशावरून?"

मी भडकलो. "वीस वर्षं धंद्यात आहे मी!"

"तो अनुभव झाला. पुरावा कुठाय?"

मी खिळा घेऊन दगडावर जोरात ओढला. ओरखडा उठला नाही; संगमरवर असता तर उठला असता. काका खूश झाले आणि सांगितलेल्या भावाने दगड घेऊन गेले.

काका निवृत्त इंजिनिअर. रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत मुलांना गणित शिकवायचे. ओळख वाढल्यावर मलाही मागच्या बाकावर बसवायचे. मी बारावी नापास. मंडळातले इंजिनिअर मला नावाने नाही, 'टाइल्सवाले' म्हणून हाक मारायचे. तो राग अजून गेलेला नाही.

एकदा काकांनी फळ्यावर लिहिलं : एक, एक, दोन, तीन, पाच, आठ. प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. "शेजारच्या दोन्ही संख्यांना भाग जाईल अशी एक सोडून दुसरी कुठलीच संख्या नाही. कशावरून?"

मुलीला सोडायला आलेल्या, मंडळातल्याच नितीनने लॅपटॉप उघडला. "काका, प्रोग्रॅम रन केला. हजार जोड्या चेक केल्या. सगळ्या ओके."

"आणि त्यापुढची?"

नितीन हसला. मी उभा राहिलो. भाव करताना मी मागे मागे जात मूळ खरेदीपर्यंत पोचतो, तसाच इथे गेलो. "दोघींना एखाद्या संख्येने भाग जात असेल, तर त्यांच्या वजाबाकीलाही जाणार. वजाबाकी म्हणजे त्यांच्या आधीचीच संख्या. असं मागे येत येत शेवटी पहिल्या एकाला भाग जायला हवा. एकाला कोण भागणार?"

"Only one!" नितीनचीच मुलगी ओरडली.

"शाब्बास, दत्ता," काका म्हणाले. इतक्या जणांसमोर मला नावाने हाक मारणारे ते पहिलेच.

गेल्या वर्षी काका मुलाकडे, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला कायमचे राहायला निघाले. वर्ग मला द्यायचा म्हणाले. मंडळाच्या मीटिंगमध्ये नितीन म्हणाला, "काका, टाइल्सवाल्यांकडे डिग्री नाही. पेरेंट्स ऑब्जेक्शन घेतील."

मी खुर्ची मागे सारून उठलो. काकांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"नितीन, तुझ्याकडे हजार उदाहरणं होती. ह्याच्याकडे कारण होतं. माझा वर्ग कारणवाल्याला."

नितीनची मुलगी आता माझ्या वर्गात असते. पोरगी हुशार आहे. बापासारखी घाई करत नाही.