लाल ठिपक्याची प्लेट

"दाखवा."

नमस्कार नाही, कसे आहात नाही. गॅरेजच्या दारात उभं राहून आधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाला पुसायचा, परत घालायचा आणि म्हणायचं, "दाखवा." असं कुणी म्हटलं की काही केलेलं नसतानाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेलच, दूधवाल्याचं माप आधी उलटं करून बघणारा.

असं म्हणणारे माझे गिऱ्हाईक काका सुदामा नगरात राहायचे. घराणं होळकरांच्या काळापासून इंदूरचं, स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त. मी नाशिककडचा, पोटासाठी इथे आलेलो. स्नेहलतागंजातल्या एका गॅरेजात ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स खोलून बांधतो. मराठी ऐकलं की इथलं मराठी गिऱ्हाईक खुलतं. काका मात्र त्यांच्या इंदुरी मराठीत म्हणाले, "मराठी आहात, ठीक आहे. पण मागचा मेकॅनिक पण मराठीच होता ना भिया."

त्या मागच्याने गिअरबॉक्सच्या नव्या प्लेटा सांगून जुन्याच पुसून बसवल्या होत्या. गाडी खजराना मंदिराजवळ, ऐन गर्दीत, बंद पडली. मागच्या सीटवर डायलिसिस करून परतणाऱ्या काकू होत्या. काकांचा डावा गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे क्लच दाबायची गाडी त्यांना चालवता येत नसे, आणि काकूंना रिक्षाचे धक्के सोसत नसत. म्हणजे दवाखान्याचं सगळं जाणं-येणं या एका गाडीवर होतं.

"मला काय, मी पैदल पण जाईन," काका म्हणाले. "पण हिला परत रस्त्यात नाही उभं करणार मी. सगळं काम माझ्यासमोर करा."

आणि ते खरंच स्टूल ओढून बसले. नव्या प्लेटांचा डबा आला तर, "सील आधीच तोडलेलं होतं का?" मी खाली वाकलो तर, "काय उचललं?" मी शिंकलो तरी त्यांची नजर आधी टेबलावर. चहा मागवला तर म्हणाले, "मला चहात गुंतवून राहिले का?" आणि टेबलावरची नजर न काढता चहा प्यायले, थोडा शर्टावर सांडूनसुद्धा. मला भयंकर राग येई. हा माणूस दुसऱ्या गॅरेजवाल्याने तर पाठवला नसेल ना, असंही एकदा मनात येऊन गेलं. संशय असा लागतो एकाचा दुसऱ्याला.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण पुढचा घोटाळा त्यातच झाला. गिअरबॉक्समध्ये एक ड्रम असतो. त्यात एक साधी पोलादी प्लेट, एक अस्तराची, अशा एकावर एक रचायच्या आणि वरून रिंग लावायची. रिंग आणि वरची प्लेट यांच्यात ठरलेली फट राहायला हवी. कमी पडली तर प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत, घासून जळतात. जास्त झाली तर गिअर उशिरा धरतो, गाडी झटका देते. पोलादी पात्यांचं गेज त्या फटीत सरकवून बघायचं, आणि कमी-जास्त असेल तर रिंग बदलायची.

मी पातं सरकवलं. जाईना. त्याहून पातळ घेतलं, तेही अडलं. पातळातली पातळ रिंग लावली, तरी फट कमीच. डब्यात चुकीचा माल आला असणार, मी दुकानदाराला फोनवर झापलं. तो म्हणाला माल बरोबर आहे. मग मला माझ्या गेजचा संशय आला, मग शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याचा, की याने माझ्या प्लेटांत आपल्या मिसळल्या. काकांना अर्थातच माझा आला.

"मी म्हटलं होतं ना! प्लेटा बदलल्या तुम्ही."

"तुमच्यासमोर तर बसवल्या, काका."

"तर मग दाखवा."

वैतागून मी ड्रम रिकामा केला. एकेक पोलादी प्लेट उजेडात धरली, तर प्रत्येकीच्या खालच्या अंगाला लाल ठिपका. चांगला जाडजूड, वाळलेला. अस्तराच्या प्लेटा तेलात भिजत ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या होत्या.

काकांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. "निशाणी केली होती. सकाळी तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा."

म्हणजे सगळी फट त्या ठिपक्यांनी खाल्ली होती. मी हसू लागलो ते थांबेचना. काका हसले नाहीत, पण कान लाल झाले त्यांचे.

"निशाणी करायचीच तर कडेच्या दात्यांवर करा," मी म्हणालो. "दाते मोकळे असतात, तिथे काही बिघडत नाही."

पण दाता बारीक आणि काकांचा हात थरथरायचा. दुपारी शेजाऱ्यांच्या गाडीतून काकू दवाखान्यातून परतताना गॅरेजशी थांबल्या. काकांनी त्यांच्या मांडीवर पेपर पसरला आणि मी पुसून आणलेल्या प्लेटा त्यावर ठेवल्या. काकूंच्या एका हाताला डायलिसिसची पट्टी होती. दुसऱ्या हाताने त्यांनी एकेका दात्यावर इतका नेटका ठिपका दिला की मी बघतच राहिलो.

"यांचं मनाला लावून नका घेऊ हं," त्या म्हणाल्या. "लग्नात माझ्या वडिलांना विचारलं होतं यांनी, मोठी मुलगी दाखवून धाकटी तर नाही देऊन राहिले?"

"विचारायला काय जातं?" काका म्हणाले.

त्यानंतर फट बरोबर आली. गाडी बिनतक्रार चालली. काका अधूनमधून तेल तपासायला येत, "दाखवा" म्हणत, आणि गाडीतून काकू मला हात करत. मग दोघंही यायचे थांबले. या वर्षी गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीमागे ओढत आली. रेडिएटर आतून गंजून पाणी गिअरबॉक्सच्या तेलात उतरलं होतं. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीचं असं होतं.

काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. मी स्टूल पुसून पुढे केलं.

"नाही बसत. तुम्ही बघून करा. गाडी भाच्याला देऊन टाकायची आहे."

"आणि काकू?"

"ती गेली. थंडीत."

ते निघून गेले. मी नव्या प्लेटांचं सील तोडलं तर विचारायला कुणी नव्हतं. फट मोजली, पुन्हा मोजली, उगाचच स्टुलाकडे बघितलं. इतकं एकटं मला या टेबलावर कधी वाटलं नव्हतं.

गाडी न्यायला ते आले तेव्हा जुन्या प्लेटांची पिशवी मी रिवाजाप्रमाणे पुढे केली. दात्यांवरचे ठिपके बरेचसे उडाले होते, काही राहिले होते. काकांनी प्लेटा टेबलावर मांडल्या, बोटाने एकेक मोजली. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

"एक कमी आहे."

"असेल इथंच कुठेतरी," मी म्हणालो.

"दाखवा."

मी खण उघडला. जिचा ठिपका अगदी शाबूत होता ती प्लेट मी पुसून आत ठेवली होती, कापडात गुंडाळून. काकांनी ती उचलली आणि ठिपक्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"मला पहिल्या दिवसापासून शक होता तुमच्यावर," ते म्हणाले.

मग प्लेट पुन्हा कापडात गुंडाळली, खणात ठेवली, आणि खण त्यांनीच लावला.