दोरीचं वळलेलं टोक

“तुला नाही जमणार,” असं म्हणून ते समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घेत. युरोपातल्या कापेल गावच्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यांत सीनियर. कुणाचा कोड अडला की मागे येऊन उभे राहायचे, माउस ओढून घ्यायचे आणि दोन मिनिटांत काम उरकायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. राग येतो, पण काम झालेलं असतं, त्यामुळे बोलता येत नाही.

पुण्याचा हा पक्का शाकाहारी माणूस दर उन्हाळ्यात नॉर्वेच्या उत्तरेला सॅमन मासे धरायला जायचा.

“खायचा नाही, मग धरता कशाला?” मी एकदा विचारलं.

“तो तरी कुठे खायला येतो? समुद्रातून नदीत शिरला की सॅमन अन्न सोडतो. समोर गळावरची पिसांची खोटी माशी नाचवली की चिडून चावतो. बस.”

एका वर्षी ते मलाही घेऊन गेले. दूरवर वस्ती नाही, नुसती नदी. सहाव्या दिवशी माझ्या गळाला मासा लागला. आयुष्यातला पहिला. ते पाणी तुडवत आले, “तुला नाही जमणार” म्हणाले आणि रॉड काढून घेतला. अर्धा तास त्याला दमवून काठाशी आणला, मला फोटो काढायला लावला आणि सोडून दिला. मासा कुशीवर कलंडला आणि तसाच वाहत गेला. तो फोटो पुढे त्यांच्या टेबलावर होता.

मग त्यांना कंपवात झाला. स्क्रीनवरचा बाण थरथरायला लागला. एकदा मी मागून म्हटलं, “द्या, मी करतो.” म्हणताना मला बरं वाटलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, “येशील? मला आता दोरीला माशी बांधता येत नाही.”

गेलो. दोन्ही हातांनी रॉड धरला की त्यांचा कंप कमी व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “नीट बांधलीस?”

“हो,” मी म्हणालो. गाठीचे दोन वेढे मी मुद्दाम कमी घेतले होते.

मासा मोठा होता. अख्खा पाण्याबाहेर उसळला. ते मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. आणि दोरी सैल पडली.

त्यांनी दोरी गुंडाळून टोक डोळ्यांजवळ धरलं. दोरी तुटली तर टोक सरळ असतं, गाठ सुटली तर त्याला वेटोळं पडतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या वेटोळ्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

“थंडी आहे. बोटं चालत नाहीत कुणाचीच,” ते म्हणाले आणि माश्यांची डबी पुढे केली. “दुसरी बांध.”

मी सगळे वेढे घेऊन बांधली. उरलेल्या चार दिवसांत एकही मासा आला नाही.

पुढच्या वर्षी वहिनी त्यांना पुण्याला घेऊन गेल्या. आता त्यांचं बोलणं कळत नाही. मी व्हिडिओ कॉल केला की वहिनी फोन त्यांच्यासमोर धरतात. ते माझ्याकडे पाहत राहतात.

“तुझा फोन आला की शांत बसतात बघ,” वहिनी म्हणतात. “शेवटचं तुझ्याबरोबरच गेले होते ना नदीवर.”

मी हो म्हणतो.