गाळासकट वजन

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी जवळा बाजारच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाची भरलेली गाडी तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची आणि कापूस ओला लागला तर वजनातून कडता कापायचा. यात मी फार काटेकोर. कास्तकार म्हणायचे, "हा माणूस दवाचासुदिक कडता कापतो." मला ती स्तुती वाटायची.

घरचं चार एकर शेत शिरड शहापूरच्या अलीकडे. ते बायको बघायची. मी रविवारी जाऊन बांधावरून सूचना करायचो. त्या वर्षी तिनं माहेरहून हळदीचं बेणं आणून सव्वा एकर लावलं होतं. भावजयांसमोर "पीक दाखवीन" असं बोलून आणलेलं बेणं. कंद भरायची वेळ आली आणि नेमकी वीज बेभरवशाची झाली. विहिरीत पाणी होतं, मोटार होती, तारेत मात्र काही नव्हतं. पाण्याच्या पाळ्या चुकू लागल्या.

औंढ्याकडच्या एका कास्तकाराचं डिझेल इंजिन विकाऊ आहे, हे मला काट्यावरच कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की इंजिन दोरानं विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात आणि पाऊस लागायच्या आत वर काढतात. त्यानं उतरवलं होतं. वर काढायचं राहिलं. विहीर भरली आणि इंजिन चार महिने पाण्याखाली बसलं. माणूस प्रामाणिक होता, काही लपवलं नाही.

"पिस्टन आवळलंय, हेडला चीर हाय," तो म्हणाला. "बाकी नवंच म्हना."

औंढ्याच्या एका मिस्त्रीला मी दाखवायला नेलं. त्यानं चाक फिरवून पाहिलं, ते हललं नाही. "खोले बगैर कुछ नई बोल सकता, साब," तो म्हणाला. मालकाचं म्हणणं, उघडलं की तुमचं.

मग मी कागद घेतला. लायनर, रिंगा, हेड, बेअरिंग, एकेक भाग लिहून तो नीट होण्याची शक्यता आण्यांत मांडली. लायनर बारा आणे, हेड सहा आणे, असं करत सगळ्यांची सरासरी काढली. मिस्त्रीला चार वेळा विचारून आकडे सुधारले. यात सहा दिवस गेले.

"ठरलं का?" बायकोनं विचारलं.

"नऊ आणे."

"म्हंजे?"

"म्हणजे निम्म्याच्या थोडं वर."

"हळदीची पानं पिवळी पडून राहिली. तिला किती आणे धरले?"

ते कागदावर नव्हतं.

त्या बोलण्यानं मला एक युक्ती सुचली आणि अजूनही आठवलं की वाटतं, सुचली नसती तर बरं. इंजिन अगदी नाहीच सुधारलं तर भंगारात जाईल. भंगार वजनावर जातं. वजन हा तर माझा प्रांत. मालकाला इंजिन बैलगाडीत घालून जिनिंगला आणायला सांगितलं. गाडी इंजिनासकट तोलली, उतरवून रिकामी तोलली. तीनशे एकेचाळीस किलो. तो मागत होता तेवढे पैसे भंगारातच सुटत होते. तोटा शक्यच नव्हता. तरी घरी येऊन मी गुणाकार दोनदा तपासला.

"बैल घेताना दात बघता, चालवून बघता," बायको म्हणाली. "याचं काय बघितलं?"

"वजन."

"वजनावर बोकड घेतेत." तिनं सुपातली डाळ पाखडणं थांबवलं. "घ्या, न्हाईतर नका घेऊ. पर आज ठरवा. मला माहेरी तोंड दाखवायचंय."

मी घेतलं. इंजिन जिनिंगच्या आवारातच पडलेलं होतं, म्हणून मिस्त्रीनं तिथंच उघडलं. बुडाची झाकणी काढली तर आत काळा गाळ. पाण्याच्या पोकळीत गाळ, टाकीत गाळ. तो काढत गेला आणि हमाल घमेली भरत गेले. सवयीनं मी तो तोलला. सत्तेचाळीस किलो.

रांगेत एक म्हातारा कास्तकार गाडीवर बसला होता. मागच्याच आठवड्यात मी त्याच्या कापसाला कडता लावला होता. त्यानं सगळं शांतपणे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साहेब, कडता किती धरला होता?"

हमालांनी तोंडं फिरवली. मिस्त्रीला मराठी बेताचंच कळायचं, पण तोही हसला.

सत्तेचाळीस किलोबरोबर माझा भंगाराचा आधारही घमेल्यांतून गेला होता. आता इंजिन चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हेडची चीर भरून घेतली, लायनर बदलला, आणि घेतल्यापासून एकोणिसाव्या दिवशी मिस्त्रीनं पाचव्यांदा हँडल मारल्यावर इंजिन विहिरीवर धडधडू लागलं. मी पाट बघायला हळदीत शिरलो, तर बहुतेक हळद हिरवी आणि वाफे ओले.

"पाणी कुठून आलं?"

"शेजारच्या मळ्यातून, त्याह्यच्या इंजिनावर. पुढल्या साली त्याह्यला बेणं द्यायचं कबूल केलं," बायको म्हणाली. "तुमचे आणे चालू व्हते तवाच बोलून आले. तिकडच्या कोपऱ्याला पाइप पुरला न्हाई, तेवढा राहिला."

माझ्या इंजिनानं त्या कोपऱ्याला शेवटची दोन पाणी दिली. तोवर कंदांची भरायची वेळ निघून गेली होती. गाळही मी गाडीत घालून तिथंच नेऊन टाकला.

हळद शिजवून वाळवून विकायला नेली, तेव्हा ती मला म्हणाली, "तुमी गाडीपाशी बसा." मी बसलो. काट्याशी ती एकटी उभी राहिली. चांगल्यातली पायलीभर तिनं माहेरी पाठवली. कोपऱ्यातली बारकी हळकुंडं कोणी घेईना, म्हणून ती घरात राहिली. वर्षभर आमच्या वरणात तीच होती.