राणीचा झगा

ऑपेराच्या कपडेपटात शिवणकाम करणाऱ्या मावशींचा एक नियम होता: गाणाऱ्याला त्याचं माप कधी सांगायचं नाही. "माप ऐकलं की यांचा गळा बसतो," असं त्या ठणकावून सांगत. म्हणून राणीचं काम करणारी बाई वाळत चालली, तरी मावशींनी चकार शब्द काढला नाही. दर प्रयोगाआधी त्या झग्याला आतून गुपचूप आणखी एक टीप घालायच्या. झगा अंगासरसा बसला की बाई आरशासमोर खूश व्हायची.

बाई गेली. पुढे तिची बहीण सामान न्यायला आली, तेव्हा मावशी नव्या राणीसाठी तोच झगा उसवत बसल्या होत्या.

"डॉक्टरकडे चल म्हणून किती मागे लागलो आम्ही," बहीण डोळे पुसत म्हणाली. "तिचं आपलं एकच, झगा अजून तस्साच बसतो, मला काय धाड भरलीय! हाच ना तो? जरा हातात घेऊ?"

मावशींनी झगा झटकन सुलटा करून पोटाशी धरला.

"नको," त्या खेकसल्या. "टाचण्या आहेत आत, टोचतील."

झग्यात एकही टाचणी नव्हती.