सासरवाडीला वस्तीची गाडी

रावजी धुमक वस्तीची गाडी लावायचा ते बघण्यासारखं असायचं. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे तिथलेच उतारू भरून निघायचं, ही वस्तीची एसटी. शेवटचं गाव आलं, माणसं उतरली, तरी रावजी लगेच खाली पाय ठेवायचा नाही. इंजिन चालू ठेवून खिडकीतनं मान काढायचा. एकदा वर बघायचा, झाड कसलं आहे ते. एकदा खाली बघायचा, जमीन कसली आहे ती. नारळाखाली लावली तर सकाळी काच फुटलेली. फणसाखाली लावली तर टपाला पोचा. आंब्याखाली लावली तर वानरांची पंगत. मातीवर लावली नि रात्री पाऊस पडला तर पहाटे अख्ख्या वाडीला दोर ओढायला उठवा. त्याला कातळ लागायचा. कातळालाही वाईच उतार लागायचा, कारण थंडीच्या दिवसांत सेल मारून गाडी उठली नाही तर उतारावर सोडून उठवता यायची. विहीर जवळ हवी, पण इतकी नको की पहाटे पाण्याला आलेल्या बायकांना टायराआड बसलेला ड्रायव्हर दिसावा.

आगारात तेवीस ड्रायव्हर होते. एवढा चोखंदळपणा दुसऱ्या कुणाचा नव्हता. "लगीन करताना तरी येवडं बगितलंवतंस काय रं?" असं कंडक्टर मुसा सोलकर त्याला विचारायचा. रावजी सांगायचा, "नाय. तवा बापसानं बगितलन."

ह्या सगळ्या सोसामागं कारण होतं. लांज्याकडं रावजीच्या गावाला तीन भावांत एक घर होतं. माजघरात अकरा माणसं निजायची, पडवीत दोन बैल. लग्न झालं तरी नवरा-बायकोला बोलायचं असलं की आधी कोण जागं आहे ते मोजायला लागायचं. पाय पसरून निजणं म्हणजे काय ते रावजीला एसटीत लागल्यावर कळलं. गाडी लावली की तो खाकी उतरवून पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर यायचा. स्टोव्हवर भात टाकायचा, सुकटीचं कालवण करायचा, विडी पेटवायचा. मग मागच्या लांब बाकड्यावर वळकटी सोडायची. ओरडायला बायको नाही, बघायला भाऊ नाही. मुसा पुढच्या बाकड्यावर, आणि त्याची झोप अशी की कानाशी भोंगा वाजवला तरी कूस बदलायचा नाही. चोपन्न सीटांचं घर आणि त्याचा मालक रावजी. सकाळी ते घर चालवत न्यायचं, संध्याकाळी परत कुठल्यातरी कातळावर मांडायचं. ह्याहून जास्त त्याला आयुष्यात काही नको होतं.

चौऱ्यांशी साल उजाडायच्या आधी रोजगार हमीतून शेळवली, पांगारवाडी आणि हातणकोंड ह्या तीन गावांना रस्ता झाला. वस्तीची गाडी सुरू करायची ठरलं. पण ती रात्री उभी कुठं करायची? साहेबांनी रावजीला बोलावलं. "धुमक, तुला जागेची पारख आहे. तिन्ही गावं बघून ये आणि कुठं लावायची ते लिहून दे."

रावजी गेला. शेळवलीला शाळेसमोर जागा ऐसपैस होती, पण खाली सगळी भाताची खाचरं, पावसात चिखल. पांगारवाडीला वर आंबा, खाली गडगा, वळवायला जागा नाही. हातणकोंडला मात्र देवळाच्या वरच्या अंगाला असा काही कातळ होता की रावजी त्याच्यावर नुसता उभा राहिला नि त्याला बरं वाटलं. टणक, उतार गावाकडून रस्त्याकडं, वर मोकळं आभाळ, विहीर हाकेवर. फक्त हातणकोंड ही त्याची सासरवाडी होती. बायको हौसा तिथली. सासरे भिकाजी रांबाडे आणि सासू तुळसा, दोघंच घरात. मेव्हणा मुंबईला गिरणीत.

रावजीनं ते मनात घोळवलं. पण ड्यूटी काय आज ह्याची, उद्या त्याची. आपली पाळी कधीमधी येईल, तेवढं निभावेल. जागा चांगली आहे ती आहे. त्यानं हातणकोंड लिहून दिलं.

पहिली पाळी त्याचीच लागली. जानेवारीत गाडी कातळावर चढली तेव्हा ढोल वाजत होते. चाकाला नारळ फुटला, गावकारानं देवाला गाऱ्हाणं घातलं. पांगापांग झाल्यावर रावजी गाडीत चढला नि स्टोव्ह काढायला लागला, तो भिकाजी रांबाडे मागच्या दारानं वर आला. डोक्याला टापशी, हातात काठी. त्यानं स्टोव्हकडं बघितलं, मग जावयाकडं.

"ह्ये काय करताव, जावयबापू?"

"भात टाकतू."

"माज्या दारात माजा जावय दगडी तेलावर भात शिजवून खानार, नी गाडीत निजनार. मंग मी उद्या देवळात कंच्या तोंडानं बसू?"

"मामानू, ड्यूटी हाय. गाडी सोडून जाता येत नाय."

"गाडी काय पळून जातेय? ह्ये मुसाभाय हायत ना." एवढं बोलून म्हाताऱ्यानं रावजीची वळकटी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. सासऱ्याच्या खांद्यावर जावयाची वळकटी, आणि बघायला अजून आठ-दहा माणसं उभी. रावजीला मागोमाग जावंच लागलं.

ओटीवर घरातली एकुलती खाट त्याला घातली होती. म्हातारा खाली घोंगडीवर. सासऱ्यासमोर विडी ओढता येईना. चड्डीवर बसता येईना. पोटात वारा धरला तरी तो आतल्या आत जिरवायचा. घोरायची लाज, म्हणून झोपही अर्धी. तुळसा कोंबडीचा रस्सा आणि वडे घेऊन दाराआड उभी राहायची आणि जावयाशी थेट बोलायचं नाही म्हणून चुलीला सांगायची, "अजून दोन वडं घ्यावं म्हनावं. पोट भरलं न्हसंल." चूल काही बोलायची नाही. रावजी मान हलवायचा आणि दोन वडे ताटात पडायचे.

पहिल्या आठवड्यात चार कोंबडे गेले. दुसऱ्या आठवड्यात कोवळ्या तलंगा. मग अंडी. सकाळी आगारात रावजीनं साहेबांकडं पाळी बदलून मागितली. साहेब हसले. बाकीचे ड्रायव्हर तर हात जोडायला लागले. सासरवाडीची ड्यूटी माणसाकडून काढून घ्यायची? असलं पाप कोण करील? त्यांच्या लेखी रावजीचं नशीब फळफळलं होतं.

मुसाला तर रोज पहाटे नवीन खुराक मिळायचा. "काय जावयबापू, आज कोंबडी का कवटं?"

"कवटं." म्हणजे अंडी.

"म्हंजे उतरती कला लागली, मिया. पुडच्या म्हयन्यात बोंबील."

रावजीला हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. त्याला दिसत होतं. खुराड्यात आता आवाज नव्हता. तुळसा ती अंडी आधी बाजाराला धाडायची. तिच्या मीठमिरचीचं तेवढ्यावर भागायचं. म्हातारीला पहाटे तीनला उठावं लागायचं, कारण गाडी पावणेसहाला आणि जावई चहा-भाकरीशिवाय घराबाहेर पडला तर गाव काय म्हणेल. एकदा त्यानं तांदळाची पिशवी आणून ओटीवर ठेवली. भिकाजीनं ती पायानं नाही, पण काठीनं बाजूला सारली. "जावयाच्या तांदळावर जगायची येळ अजून नाय आलेली." दुसऱ्या दिवशी रावजी ती पिशवी परत गाडीत घालून घेऊन गेला, आणि शेळवलीच्या उतारूंनी विचारलं, काय, सासऱ्यानं दिले काय तांदूळ?

आठवड्याच्या सुट्टीला घरी गेला की हौसा विचारायची, "आये बरी हाय?"

"बरी हाय."

"तुमचं बरं हाय. मी म्हायेरा जाऊन चार वर्सं झाली, नी तुमी रोज जाताव."

रावजी बैलांना पाणी दाखवायला पडवीत जायचा.

मार्च उजाडता उजाडता त्यानं एक युक्ती काढली. जेवताना सासऱ्याला म्हणाला, "मामानू, वरनं हुकूम आलाय. डिझेल चोरीला जातंय. दोन मानसं गाडीत निजाय हवीत. आजपास्नं मी तकडंच."

भिकाजीनं हात धुतला, टापशी बांधली आणि कोपऱ्यातली घोंगडी उचलली. "दोनच ना हवीत? मुसाभाय येक नी मी दोन."

"मामानू, तुमी कशाला..."

"जावयाची गाडी सासऱ्यानं राखली तर कुनाचं काय जातंय?"

गेला. सकाळी रावजी गाडीपाशी आला तर म्हातारा मागच्या लांब बाकड्यावर, रावजीच्या बाकड्यावर, मांडी घालून विडी ओढत बसलेला. जावयाला बघून त्यानं विडी लपवली नाही. चेहरा असा ताजा की दहा वर्षं गळून पडावीत.

"काय झोप लागते हो हतं," भिकाजी म्हणाला. "म्हातारीची कुरकुर नाय, उंदीर नाय, ढेकूण नाय. कवा डोळा लागला कळला नाय."

त्या दिवसापासून भिकाजी रांबाडे रोज गाडीत. जेवण आटोपलं की टापशी बांधून तुरुतुरु निघायचा. मुसाबरोबर त्याचा पत्त्यांचा डाव बसायला लागला. स्टोव्हवर दोघं चहा करून प्यायचे. आणि रावजी ओटीवरच्या खाटेवर पडून, लांबून कातळावरनं येणारं सासऱ्याचं हसणं ऐकत राहायचा. आत सासू एकटी, बाहेर जावई एकटा, मध्ये एक दार. खोकलासुद्धा येईना.

पावसाळा जवळ आला तसा साहेबांनी कागद काढला. वस्ती हातणकोंडला कायम करायची, की अलीकडं शेळवलीला आणायची? शेळवलीचं कुणी वर जाऊन बोलून आलं होतं म्हणे. साहेबांनी कागद रावजीच्या पुढ्यात टाकला. "तू बघितलेली जागा. शेळवलीला चिखल होत असेल तर खडी टाकू म्हणतात. तुझा काय तो अभिप्राय उद्या दे. तू लिहिशील ते पुढं धाडतो."

रावजीनं कागदाची घडी खिशात घातली. एक ओळ. शेळवली बरी, एवढंच. मागचं लांब बाकडं त्या एका ओळीच्या पलीकडं होतं.

त्या संध्याकाळी भिकाजीनं कागदाची बातमी मुसाकडून आधीच काढली होती. जेवताना छाती काढून म्हणाला, "जावयाच्या सहीवर गाव चाललाय आता." आणि टापशी बांधून गाडीकडं निघून गेला.

रावजी ताटावर बसून होता. दाराआड तुळसा. बराच वेळ तिनं वाढलं नाही. मग चुलीकडं तोंड करून म्हणाली, "चुली, तुला येक सांगतंय. गाडी शेळवलीला जाऊ दे. माजं हाड मोडलं आता. तीनला उठायचं, कोंबड्या संपल्या, ह्ये जाऊन गाडीत निजतात, नी मी दाराला कान लावून पडलेली, जावयाला पानी हवं काय, घाम आला काय. माज्या पोरीचा नवरा हाय, वाईट म्हनवत नाय. पन सुटू दे एकदा."

रावजीनं हातातला घास ताटात ठेवला. त्याला वाटत होतं आपण एकटेच अडकलो.

तो रात्रभर खाटेवर कागद उशाशी घेऊन पडला. लिहायला काय, आता तर सासूचीच आज्ञा होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर हातणकोंडचीच गंगा मांडवकर येत राहिली. रस्ता नव्हता तेव्हा बाळंतपणाला शेळवलीची घाटी उतरताना तिची दोन पोरं डोलीतच गेली होती. तिसऱ्या वेळी कळा रात्रीच लागल्या, आणि पहाटे तिच्या सासूनं तिला धरून गाडीत बसवली. रावजीनं ती गाडी अशी चालवली होती की मुसा म्हणाला, आज माझी तिकिटंपण हलली नाहीत. चार दिवसांनी ती संध्याकाळच्या गाडीनं पोर घेऊन परत आली. गाडी शेळवलीला राहिली की मध्ये परत तीच घाटी. आणि गंगा बाजूला ठेवली तरी शेळवलीचं खाचर ते खाचर. खडी टाका नाहीतर सोनं टाका, जूनच्या पंधरवड्यात गाडी आसापर्यंत रुतणार. खोटी जागा त्यानं आजवर गाडीला दाखवली नव्हती.

सकाळी आगारात त्यानं लिहिलं: हातणकोंडची जागा योग्य आहे. वस्ती तिथंच कायम करावी. खाली सही केली, आणि पेन परत देताना त्याला असं वाटलं की आपणच आपल्या दाराला बाहेरून कडी घातली.

संध्याकाळी मुसानं बातमी आधीच सांगून टाकली. कातळावर माणसं जमली, भिकाजीनं सगळ्यांना दोन-दोनदा हात जोडले आणि जेवायलाही न थांबता घोंगडी घेऊन गाडीत चढला. रावजी एकटाच घरी आला. पाय धुतले. पाटावर बसला. वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

तुळसा दाराआडून बाहेर आली. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याच्यासमोर उभं राहून त्याच्याकडं बघितलं. समोर ताट ठेवलं. ताटात पेज होती, एक भाजलेला बोंबील, बाजूला मिठाचा खडा.

"नाय हलवलाव," ती म्हणाली.

"नाय आत्ये. जागा चांगली हाय."

ती म्हणाली, "मंग आता कोंबडीबिंबडी काय न्हाय. जे आमी खाताव, ते तुमी खायाचं. पाटं मी तीनला उठनार न्हाय. च्या तुमचा तुमी करा. साकर वरच्या डब्यात."

"व्हय."

"नी तांदूळ आना उद्या. पाच किलो. ह्यांस्नी कळू न देता, मागल्या दारानं. रॉकेल संपलंय, ते बगा. नी येताना सुताराला सांगा, खाटेचा पाय डुगडुगतोय."

रावजीनं पेज प्यायली. बोंबील खाल्ला. ताट तसंच ठेवून उठणार, एवढ्यात ती आतून म्हणाली, "ताट कोन धुनार? हौसा न्हाय हतं."

तो ताट घेऊन मागच्या पडवीत गेला, आणि काळोखात घासायची राख कुठं आहे ती हातानं चाचपडत राहिला.