डासाच्या पोटावरचे फुगे

डास चिरणं ही माझी नोकरी. लोकांना सांगितलं की हसतात. "मच्छर कापाचे पैसे भेटतेत वो?" भेटतात बाप्पा! पहाटे गोठ्यागोठ्यांतून टॉर्च घेऊन फिरावं लागतं, भिंतीवरच्या माद्या नळीत ओढून ऑफिसात आणाव्या लागतात आणि सुईनं एकेकीचं पोट बाहेर काढावं लागतं. करून पाहा म्हणावं, मग हसा.

मला फक्त एक गोष्ट बघायची होती. मलेरियाच्या माणसाचं रक्त डासानं प्यायलं की त्या रक्तातल्या नर-मादी जंतूंचं लग्न डासाच्या पोटातच लागतं. त्यातून एक वळवळता किडा होतो. रक्त पचायच्या आत त्यानं पोटाची भिंत भोसकून पलीकडे जायचं, नाही गेला तर तोच पचला! जो जातो तो भिंतीच्या बाहेरच्या बाजूला चिकटतो आणि फुग्यासारखा फुगतो. पुढे फुगा फुटतो, हजारो पिल्लं डासाच्या लाळेत जातात आणि मग आपल्या अंगात. हे सगळं पुस्तकात पाठ होतं; डोळ्यांनी एक फुगा पाहिला असेल तर शपथ.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत माहेरी, नाकाडोंगरीकडे, मुक्कामाला होते. पहाटे कुठं चिखल तुडवत जाऊ म्हणून घरातलेच डास पकडले. आणि ऑफिसात मायक्रोस्कोपखाली त्यातल्याच एका पोटावर फुगे! गोल, चकचकीत, आत काळे ठिपके. "आवं माय, दिसले! दिसले!" मी खुर्चीवरून उठून नाचलेच. सगळे धावत आले. मी मोबाइलवर फोटो काढला, आणि मग डोक्यात उजेड पडला. हा डास आमच्या घरातला. घरात मलेरिया झाला होता फक्त बाबांना, आणि त्यांचा ताप तर कधीच उतरला होता. घरात वहिनीला सातवा महिना.

ताप उतरला तरी डासाला लागणारे जंतू रक्तात उरतात. त्यांच्यासाठीच शेवटच्या गोळ्या असतात. मी तशीच स्कूटी काढली.

बाबा ओसरीत बसले होते. "शेवटच्या गोळ्या घेतल्या का?" मी विचारलं.

"ताप गेला ना. मंग कायले गिळू?"

"मग कुठं हायेत त्या?"

ते उठले आणि देवाच्या फोटोमागून पुडी काढून आणली. "सूनबाईसाठी ठेवल्या. तिले ताप आला तं अशा हालतीत कुठी धावाचं?"

"बाबा! पोटुशीनं ह्या गोळ्या घ्यायच्याच नसतात!" मी ओरडलेच. मग फोटो दाखवला, लग्नापासून फुग्यापर्यंत सगळं सांगितलं. फुगे त्यांच्याच रक्तातले, असं छातीठोक नाही सांगता येत. पण घरात दुसरा कोण होता?

बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे... मच्छराले मीच देल्लं?" मग पुडीकडे पाहून हळूच म्हणाले, "मी तं तिच्यासाठी ठेवल्या होत्या वो."

"तिच्यासाठीच हायेत. पन गिळा तुमी."

मी डॉक्टरांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, आजच द्या. वहिनीचं रक्तही तपासायला दिलं, काही निघालं नाही. बाबांनी जेवून गोळ्या घेतल्या आणि दिवेलागणीलाच मला हाक मारली, "बाई, मच्छरदानी माह्या खाटेवर बांध. मच्छरायले माह्यापासून जपा लागते."