व्याह्यांचं भजन

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या सुनेला तर नाहीच. कोणी त्या दिवसाचा विषय काढलाच, तर मी ऐकू न आल्यासारखं करायचो. बहिरेपणाचा एवढा उपयोग मी करून घेतला आहे.

बहिरा मी यंत्रमागांमुळे झालो. सोलापुरात चादरींच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर होतो. माग बंद पडला की मालक मला शोधत यायचा. मागांच्या खडखडाटात आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो, त्यामुळे कान कधी गेले ते कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ते मान्य केलं नाही. टीव्हीचा आवाज वाढवायचो आणि शेजारचे भिंत ठोकायचे.

मुलानं मग होम थिएटर आणलं. पाच स्पीकर, एक मोठा डबा जमिनीवर आणि टीव्हीखालच्या कप्प्यात काळा, जड रिसीव्हर. मुलगा दिवसभर कामावर, म्हणून ते चालवायला मला सुनेनं शिकवलं. तिनं स्वतःच्या पाकिटातल्या टिकल्या काढून बटणांना चिकटवल्या.

"मामा, लाल टिकलीचं बटण दाबलं की सुरू. हिरवीचं गोल फिरवलं की आवाज. पिवळीच्या बटणानं टीव्ही लावायचा का पेनड्राइव्ह, ते ठरवायचं. झालं की! तुम्ही तर अख्खा माग खोलून बसवायचात."

"म्हणूनच टिकल्या लावल्यास होय? उद्या मलाही एक लाव," मी म्हणालो.

ती हसली. मी हसलो नाही. चाळीस वर्षं यंत्रं हाताळलेल्या माणसाला बटणावर टिकली लावून द्यावी, याचा मला राग आला होता. तरी ती नसताना मी टिकल्या बघूनच मशीन लावायचो.

त्यानंही मला नीट ऐकू येईना. मग मी नवी पेठेतून कोणाला न सांगता हेडफोन आणला. त्याची पिन बारीक आणि रिसीव्हरचं भोक मोठं, म्हणून दुकानदारानं वर चढवायला एक जाड पिन दिली. दुपारी सून आणि बायको आडव्या झाल्या की मी तो कानाला लावून बातम्या ऐकायचो. दाराशी कोणाची सावली दिसली की वायर ओढून काढायचो आणि हेडफोन उशीखाली सारायचो. म्हातारा बहिरा झाला, हे घरात कोणी म्हणू नये म्हणून ही चोरी.

सुनेचे वडील अक्कलकोटजवळच्या एका खेड्यातले. शेती करायचे आणि गावच्या भजनी मंडळात गायचे. मराठी आणि कानडी दोन्ही. कोणीतरी त्यांचं गाणं रेकॉर्ड करून पेनड्राइव्हमध्ये घालून दिलं होतं. वडिलांनी आपला आवाज मोठ्या स्पीकरवर एकदा ऐकावा, एवढीच सुनेची इच्छा होती. महिनाभर ती त्यांना बोलवत होती. शेवटी ते हुरड्याची पिशवी घेऊन आले. पेनड्राइव्ह रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवला होता.

"मोबाईलवर ऐकलंय की पाव्हणं," ते मला म्हणाले. "पण त्यात मी गातोय का डास, तेच कळत न्हाय. पोरगी म्हणती, हितं तुमच्याकडं लई झ्याक वाजतंय."

जेवणं झाली. सुनेनं वडिलांना मधोमध खुर्ची दिली आणि ती रिसीव्हरकडे वळली. मी तिला थांबवलं. पाहुण्यांसमोर मशीन मीच लावणार होतो. पेनड्राइव्ह खोचला, लाल दाबलं, पिवळं दाबलं. छोट्या पडद्यावर निळी इंग्रजी अक्षरं आली, टीव्हीवर आकडे पळू लागले. पण आवाज नाही. मला वाटलं, मलाच येत नसेल. म्हणून मी सगळ्यांची तोंडं बघितली. तीही वाट बघत होती. हिरवं गोल मी शेवटपर्यंत फिरवलं. काहीच नाही.

"मामा, मी बघू का जरा?" सून पुढे आली.

"लांब राहा. सकाळी फडकं कोण मारत होतं इथं?"

"मीच. पण वरवर पुसलं फक्त."

"वरवर पुसून स्पीकर मुके होतात होय? हात लावू नको म्हणून किती वेळा सांगितलं?"

खरं तर मी तसं एकदाही सांगितलं नव्हतं. बायकोनं मागून शर्ट ओढला. "अहो, पाव्हण्यांसमोर नको."

मी थांबलो नाही. सुनेनं त्या वेळी एक नजर टाकली असती, तर पडद्यावरची अक्षरं वाचून तिला सगळं कळलं असतं. तिच्या आणि मशीनच्या मध्ये मी उभा होतो. आणि तिच्या वडिलांकडे वळून म्हणालो, "शिकवून पाठवायचं होतं पाव्हणं. तुमच्याकडं घरात रेडिओ तरी होता का कधी?"

सून बोलायला गेली. वडील तिला कानडीत म्हणाले, "सुम्निरु." गप्प राहा. मग खुर्चीवरून उठले. माझ्याहून वयानं मोठा माणूस. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

"पोरीचं चुकलं आसंल. तिच्या वतीनं मी माफी मागतो. तिला आता काय बोलू नका."

"बरं, बरं," मी म्हणालो. त्यांची माफी मी स्वीकारली.

हुरड्याची पिशवी कोपऱ्यात तशीच राहिली. ते लगेच निघाले. सून त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरली, बायको स्वयंपाकघरात गेली. मी कप्प्यासमोर मांडी घातली आणि खाली वाकून बघितलं. हेडफोनच्या भोकात ती जाड पिन बसलेली होती. सकाळी सून फडकं मारून स्वयंपाकात गेल्यावर मी चोरून बातम्या ऐकल्या आणि घाईत वायर ओढली, तेव्हा बारीक पिन निघून आली आणि जाड पिन आतच राहिली. तिथं काहीही खोचलेलं असलं की स्पीकर बंद होतात, हे मी रोज दुपारी वापरत होतो. दुसऱ्या कोणाच्या मशीनमध्ये असतं, तर मी क्षणात सांगितलं असतं.

मी पिन उपसली. आवाज शेवटपर्यंत वाढवलेलाच होता. व्याह्यांचं भजन घरभर फुटलं. माझ्या कानांनासुद्धा ते लख्ख ऐकू आलं. खणखणीत, वर चढत जाणारा आवाज होता. मी एक ओळही पुरी होऊ दिली नाही, लाल बटण दाबलं.

खिडकीतून बघितलं, ते अजून खाली रस्त्यावर उभे होते. गॅलरीत जाऊन हाक मारली असती तर दोन मिनिटांत वर आले असते. पण हाक मारली असती तर काय झालं होतं ते सांगावं लागलं असतं. मी पिन खिशात घातली आणि रिक्षा निघेपर्यंत खिडकीशी बसून राहिलो.

मुलगा घरी आल्यावर म्हणालो, "मागची वायर सैल झाली होती. बसवली मी."

"बाबा आहेत म्हणून बरंय," तो म्हणाला. सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि पोळ्या लाटत राहिली. स्वयंपाकघरात आवाज गेला असेल, तर बायकोनंही कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही टिकल्या काढलेल्या होत्या आणि पेनड्राइव्ह सुनेनं नेला होता. त्यानंतर तिनं त्या मशीनला बोटही लावलं नाही, आणि तिचे वडील आमच्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. बोलावलं की सांगायचे, शेतात काम आहे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी एकटाच एसटीनं गेलो. वाटेत वाक्यं जुळवली, ओठांनी म्हणून बघितली. शेजारचा माणूस मला वेडा समजून खिडकीकडे सरकला.

ते अंगणात खाटेवर होते. मला ओळखलं. डावा हात वर केला आणि त्यानंच मला शेजारी बसायची खूण केली. आम्ही दोघंच होतो. त्यांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. मी तासभर बसलो. ऊस किती आहे ते विचारलं आणि उत्तर मीच दिलं. उठताना म्हणालो, "ऊन फार आहे, पाणी पीत जा."

पंधरा दिवसांनी ते गेले.

एसटीत जुळवलेली वाक्यं तीनच होती. पाव्हणं, तुमच्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि तुम्ही खाली रस्त्यावर होतात तेव्हाच मला ती कळली होती. मला माफ करा.